लेकीच्या नावाने चॅट केलं, आता तो पालखीला घरी येतोय

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात आई आणि मुलगी यांचीच पत्रं जास्त निघाली, शिमगा जवळ आला की मुंबई-पुण्याची मुलं घरी येतात आणि घरोघरी लग्नाचा विषय निघतो, त्यामुळे असेल. तीन पत्रं घेतलीत. पहिल्यालाच जास्त जागा दिली कारण ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

प्रश्न

ताई नमस्कार. कोणाकडे बोलायची सोय नाही म्हणून तुम्हाला लिहितेय. मी गुहागर तालुक्यातली, वय ५८, मिस्टर पोस्टातून रिटायर झाले. एकुलती एक मुलगी, ३१ वर्षांची. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली आणि आता खाडीकाठी एका कोळंबी प्रकल्पावर नोकरीला आहे, रात्री-अपरात्री तलावावर जाते, ना सण ना सुट्टी. लग्नाचं नाव काढलं की ताटावरून उठते. म्हणून गणपती झाल्यावर मी तिला न विचारता एका लग्नाच्या साइटवर तिचं प्रोफाइल काढलं, फोटो तिच्याच व्हॉट्सॲप स्टेटसवरचे घेतले. तिथे ठाण्याचा एक मुलगा बोलायला लागला, मूळ गाव चिपळूणजवळ, ३३ वर्षांचा, इंजिनीअर, स्वभावाने एकदम साधा. मी आई बोलतेय असं सांगितलं तर पुढे बोलणारच नाही असं वाटलं म्हणून मी मुलगी असल्यासारखंच बोलत राहिले. चार महिने झाले ताई. रोज रात्री साडेनऊला मागचं आवरलं की मेसेज. तो कोळंबीचं विचारतो, मला त्यातलं काय कळतंय, मग मी जेवताना मुलीला विचारायचे, काय गो, ते पंखे रात्रभर कशाला चालू ठेवता, आणि ती सांगायची ते आत जाऊन टाइप करायचे. मुलीने मला काय काय सांगितलं ते मागच्या दोन पानांवर लिहिलंय, तुम्हाला कल्पना यावी म्हणून. पत्रिका पण बघून घेतली, ३६ पैकी २८ गुण जुळतात, नाडीदोष नाही. आता त्याने रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, शिमग्याला गावी येतोय आणि आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी येणार त्याच दिवशी घरी येतो म्हणाला. त्या दिवशी अख्खी वाडी आमच्या अंगणात असते. मुलीला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. आजारी आहे सांगून त्याला टाळू का? की येऊ दे, समोरासमोर आले की आवडतीलच एकमेकांना? मुलगा हातचा जाऊ नये एवढंच वाटतं.

उत्तर

आधी सरळ सांगते. आजारपणाचं खोटं सांगू नका, आणि पालखीपर्यंत थांबूही नका. मुलीला आजच सांगा, हे मासिक हातात पडेल त्याच दिवशी, आणि त्या मुलाला सांगायच्या आधी तिला सांगा, कारण नाव तिचं वापरलंय, चेहरा तिचा वापरलाय, पहिला हक्क तिचा.

आता तुमच्या मागच्या दोन पानांबद्दल. मला काय कळतंय असं तुम्ही लिहिता आणि मग दोन पानं भरून लिहिलंय की दिवसा तलावातलं हिरवं शेवाळ उन्हावर ऑक्सिजन तयार करतं, दिवस मावळला की ते थांबतं, उलट शेवाळच ऑक्सिजन खायला लागतं, कोळंबी तर खातेच, आणि उजाडायच्या जरा आधी पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो, त्या वेळेला लाइट जाऊन पाण्यात हवा मिसळणारे ते पंखे थांबले आणि जनरेटर चालू झाला नाही तर सकाळी तलावातली कोळंबी मेलेली असते. म्हणून ती पहाटे तीनला उठते. अमावास्या-पौर्णिमेला कोळंबी कात टाकते, तेव्हा खायला कमी घालतात, हेही तुम्ही लिहिलंय. चेक ट्रे वर काढून उरलेलं खाद्य कसं बघायचं, काउंट म्हणजे किलोला किती कोळंबी भरते, पाऊस पडला की खाडीच्या पाण्याचा खारेपणा कसा उतरतो, सगळं. अहो, तुमची मुलगी रात्री घराबाहेर नक्की काय करते हे तुम्हाला आता बरोबर माहीत आहे आणि सहा महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं. गणपतीपर्यंत तिचं काम म्हणजे तुमच्या दृष्टीने लग्नाच्या आड येणारी गोष्ट होती ना?

मला भीती वाटते ती याचीच. प्रोफाइल काढलं म्हणून ती चिडेल, ओरडेल, चार दिवस बोलणार नाही, ते होईल आणि जाईल. पण तिच्या बाजूने बघा. लग्नाच्या नावाने ताटावरून उठणारी मुलगी चार महिने रोज ताटावर बसून आईशी बोलतेय, कारण आई पहिल्यांदा तिच्या कामाचं काहीतरी विचारतेय, नुसतं विचारत नाही, लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी पुढचा प्रश्न विचारतेय. कंपनीत कोणाला तरी ती बोलली पण असेल, माझ्या आईला हल्ली सगळं समजतं म्हणून. आणि आता तिला कळणार की ते प्रश्न ठाण्याच्या एका माणसाचे होते. हे तिला प्रोफाइलपेक्षा जास्त लागणार आहे, आणि हे तिला तुमच्याच तोंडून कळायला हवं, अंगणात पालखी असताना कोणी परका माणूस हसत हसत 'तुम्हीच सांगितलं होतं ना पंख्यांचं' म्हणाला तर काय होईल तिचं, विचार करा.

माझी गोष्ट सांगते, सहसा या पानावर सांगत नाही. १९८६ साली माझ्या आईने माझा फोटो मला न सांगता मुंबईच्या एका वधू-वर मंडळात पाठवला होता. मला ते कळलं दादरला, एका लग्नात, ओळख ना पाळख अशी एक बाई मला म्हणाली, तुझा फोटो आमच्याकडे आहे, समोरून जरा सावळी दिसतेस. मी आईला भांडले नाही. मी तिला माझं काही सांगायचंच बंद केलं. पत्रात हवापाणी, पगार, तब्येत, बास. दोन वर्षं. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत माझी तेव्हाची पत्रं सापडली, अंतर्देशीय, अर्धं पान कोरं असलेली, तिने ती पण जपून ठेवली होती. तिने एकदा जरी म्हटलं असतं की बाई चुकलं माझं, तर मी ते पान भरून लिहिलं असतं. तुमच्या मुलीने बोलणं बंद करायच्या आधी तुम्ही बोला.

कसं सांगायचं, तर तिची रात्रपाळी नसेल त्या दिवशी, जेवण झाल्यावर, मिस्टर समोर असतील तर बरं पण त्यांना मध्ये बोलू देऊ नका. 'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द नको. 'तू ऐकत नव्हतीस म्हणून' हेही नको. मी तुझ्या नावाने प्रोफाइल काढलं, चार महिने तुझ्या नावाने बोलले, ही माझी चूक, हा फोन, सगळं वाच. मेसेज डिलीट करू नका, एकही नाही, अगदी ज्याची लाज वाटते तोही ठेवा. साइटचा पासवर्ड कागदावर लिहून द्या, प्रोफाइल ठेवायचं का काढायचं ती ठरवेल. आणि वेगळं, त्याच वेळी, हे पण सांगा की प्रश्न त्याचे होते, पण पुढे पुढे मलाच ऐकावंसं वाटायला लागलं. हे खरं असेल तरच सांगा. तुमची दोन पानं वाचून मला तर ते खरं वाटलं, कारण कात टाकण्याबद्दल त्या मुलाने काही विचारल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, ते तुम्ही स्वतःहून विचारलंत.

मग त्या मुलाला फोन. मेसेज नाही, फोन, तुमच्या आवाजात, कारण आवाज ऐकल्याशिवाय त्याचा विश्वास बसणार नाही. हे मुलीवर ढकलू नका, निस्तरायचं तुम्हीच. त्याने चार महिने रोज रात्री मन मोकळं केलंय, त्यात घरचं, ऑफिसचं, कदाचित आधी मोडलेलं एखादं स्थळ, असं बरंच असेल, आणि ते सगळं एका ५८ वर्षांच्या बाईने वाचलंय हे ऐकून त्याला शरम वाटेल, राग येईल. त्याला रागावू दे. 'मुलगी खरंच तशीच आहे हो' असं फोनवर म्हणू नका, ती तशी आहे का नाही हे त्याला अजून माहीतच नाही आणि त्याने काय करावं हे सुचवायचा तुम्हाला आता हक्क नाही. तिकिटाचं त्याचं तो बघेल, गावी यायचंच आहे त्याला.

'हातचा जाऊ नये' हे तुमचं वाक्य आहे त्यावर थोडं बोलायचंय. तुम्ही हरतालिका करता ना, आपल्याकडे सगळ्याच करतात, समुद्रावरून वाळू आणून पिंडी करायची, पत्री वाहायची, रात्री जागरण. त्या कहाणीत पार्वतीच्या बापाने तिला न विचारता स्थळ ठरवलं होतं. नारद घेऊन आले होते ते स्थळ, आणि स्थळ कोणाचं, तर साक्षात विष्णूचं. नाव ठेवायला कुठे जागाच नाही. हिमवान बाप होता, त्याला पण वाटलं असेल हातचं जाऊ नये. तेव्हा पार्वती रडली ती सखीपाशी, आणि सखी तिला उचलून रानात घेऊन गेली, घरच्यांना पत्ता लागू नये म्हणून. हरिता म्हणजे नेलेली, आलिका म्हणजे मैत्रीण, व्रताचं नावच त्या मैत्रिणीवरून पडलंय. वाळूची पिंडी पार्वतीने त्या रानात केली. बाप शोधत शोधत तिथे आला तेव्हा तिने अट घातली, लग्न शंकराशी करून देणार असशील तर घरी येते, आणि त्याने ऐकलं. तुमचा ठाण्याचा मुलगा चांगला असेल, मला पण पत्रावरून बरा वाटला. ३६ गुणांत वर्णाला एक आणि नाडीला आठ असे सगळे मोजून झाले, त्यात मुलीला विचारलं का याला एक गुण पण नाही, म्हणून २८ आकड्यावर एवढा भार टाकू नका.

आणि ती ताटावरून का उठते ते तुम्ही तिला कधी विचारलंत? तिच्या मनात कोणी असेल. कोणी नसेल, तिला लग्नच नको असेल. किंवा लग्न हवं असेल पण प्रकल्प सोडून ठाण्याला जायचं नसेल, आणि हे मला जास्त शक्य वाटतं, कारण खाडी सोडून तिच्या शिक्षणाचं काम मिळणार कुठे, आपल्याकडे तर मुलगी म्हणजे मुंबईला जाणार हे धरूनच स्थळं बघतात. चार महिन्यांत त्या मुलाला तुम्ही हे विचारलंत का, तू चिपळूणला येऊन राहशील का? बघा, ठरवणारी ती असती तर तिने पहिल्या आठवड्यात विचारलं असतं.

पालखीच्या दिवशी तो आलाच, म्हणजे सगळं खरं कळल्यावरही आला आणि मुलीनेही येऊ दे म्हटलं, तर तो पालखीला आलेला पाहुणा. पालखी नाचवणाऱ्यांना देता तेच सरबत त्याला द्या. कांदेपोहे करू नका, शेजारच्या काकूंना खूण करू नका, दोघांना 'जरा बाग दाखव' म्हणून मागे पाठवू नका. ती दिवसभर नारळ फोडण्यात आणि ओट्या भरण्यात असेल, बोलावंसं वाटलं तर तिथेच बोलेल. आणि तिने येऊ नको सांगितलं तर त्याला परत एकदाही मेसेज करायचा नाही, दिवाळीच्या शुभेच्छा पण नाही. मला काय झालं ते जरूर कळवा.

प्रश्न

मी मालवणची, २८ वर्षं, कुडाळला नोकरी करते. माझं एका मुलाशी जमलंय, तो पनवेलला असतो, जात वेगळी. त्याच्या घरचे तयार होते. पण माझ्या आईने त्याच्या आईला परस्पर फोन करून सांगितलं की माझ्या पत्रिकेत कडक मंगळ आहे. मला मंगळ नाहीच! आता त्या घाबरल्यात, मुलगा घाबरलेला नाही. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच. आम्ही कोणाला न सांगता रजिस्टर लग्न करून टाकायचं म्हणतोय. करता येईल का?

उत्तर

करता येईल, पण 'कोणाला न सांगता' हा भाग जमणार नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तुमच्यापैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती नोटीस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, ३० दिवस हरकतीसाठी थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं, तीन साक्षीदार लागतात. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. हरकत कोणीही घेऊ शकतं पण कायद्यात दिलेल्या कारणांवरच, म्हणजे आधीचा नवरा किंवा बायको जिवंत आहे, वय कमी आहे, जवळचं नातं आहे, मानसिक स्थिती संमती देण्यासारखी नाही, अशी. जात वेगळी आहे, आईला पसंत नाही, मंगळ आहे, यातलं एकही कारण तिथे चालत नाही. त्यामुळे कायद्याची काळजी करू नकोस.

पण ती नोटीस महिनाभर भिंतीवर असणार आणि सिंधुदुर्गात कोणाचा ना कोणाचा भाचा त्या ऑफिसात जातोच. आईला बाजारात मासे घेताना कोणीतरी सांगणार. ती घरी येऊन विचारेल, 'माका सांगूक काय झाला हुता तुका?' आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. म्हणून नोटीस द्यायच्या आधी तूच सांग, परवानगी मागायला नको, तारीख सांगायला.

बाकी तिने मंगळाचं खोटं का रचलं असेल? तू एक ओळ लिहून पुढे गेलीस, घरात दोघीच. तू पनवेलला गेलीस की तिच्या घरात रात्री दुसरं माणूस नाही, पावसात लाइट गेली की चार-चार दिवस येत नाही, आजारी पडली तर डॉक्टरकडे नेणार कोण. जातीचंही तिच्या मनात असेल, नसेल असं मी म्हणत नाही. पण तिने मुलाला नावं ठेवली नाहीत, तुझ्या पत्रिकेला ठेवली, हे बघ जरा. तू आणि तो दोघं तिच्यासमोर बसा आणि लग्नानंतर ती कुठे, कशी राहणार हे आकड्यांत बोला, महिन्यातून किती वेळा येणार, कोण शेजारी चावी ठेवणार, तिला पनवेलला चार महिने यायचं असेल तर खोली आहे का. आणि त्याच्या आईला खरी पत्रिका तुझ्या आईनेच पाठवायची, फोनही तिनेच करायचा, हे मात्र ठाम सांग. तिथे माघार घेऊ नकोस.

प्रश्न

माझं दोन वर्षांचं जमलेलं मोडलं, आम्ही दोघांनी समजुतीने थांबवलं, सहा महिने झाले. पण आई (आम्ही देवगडचे) त्याला अजून घरी बोलावते, कोकमाचं आगळ, आंब्याच्या साटा असं काय काय देते, पाण्याची मोटर बिघडली की तोच येतो. मी शनिवारी घरी आले की तो पडवीत चहा पीत बसलेला. आईला वाटतं आमचं परत जुळेल. मला नवीन सुरुवात करायचीय.

उत्तर

आईला तो आवडतो, तिला त्याच्याशी बोलायचं असेल तर बोलू दे, ते तू थांबवू शकत नाहीस आणि थांबवूही नकोस. पण तू घरी असताना तो येणार नाही, एवढं दोघांनाही सांग. आईला एकदा, आणि त्याला तू स्वतः फोन करून, कारण आईमार्फत निरोप गेला तर ती मधलं वाक्य गाळणार. त्याला आईची माया सोडवत नसेल, किंवा तो पण वाट बघत असेल, तसं असेल तर तुझ्या तोंडून स्पष्ट 'नाही' ऐकणं त्याच्या पण भल्याचं आहे. आगळाची बाटली त्याच्या घरी पोचवायची असेल तर मधल्या वारी पोचव म्हणावं. आणि मोटरसाठी दुसरा मेकॅनिक शोध, देवगडात दोन-तीन मिळतील, नंबर लिहून फ्रिजवर लाव.